पर्सी ज्युलियन : खुर्ची न मिळालेला प्राध्यापक

पर्सी ज्युलियन हे नाव आपल्या सिलॅबसमध्ये कुठंच येत नाही. सर रॉबर्ट रॉबिन्सन यांचं येतं. ऑरगॅनिकमध्ये ज्यांनी रॉबिन्सन अॅन्युलेशन पाठ केलंय त्यांना ते चांगलेच ठाऊक असतील. ऑक्सफर्डचे प्राध्यापक, १९४७ चे नोबेल विजेते, त्या काळातलं सेंद्रिय रसायनातलं सगळ्यात मोठं नाव. अशा माणसाचं संयुग चुकलंय असं १९३५ च्या सुमारास एका छोट्या अमेरिकन कॉलेजातून छापून सांगणारा संशोधक म्हणजे पर्सी ज्युलियन. त्यांच्याकडे धड नोकरीसुद्धा नव्हती. केमिकलच्या मुलांना तरी ही गोष्ट माहीत असावी म्हणून हा लेख. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी रसायनाला घाबरून पान उलटू नये, समीकरण एकही देणार नाही.

पर्सीचा जन्म ११ एप्रिल १८९९ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी गावचा. वडील रेल्वेच्या टपाल खात्यात कारकून, आई शिक्षिका. सहा भावंडांत हा थोरला. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. गुलामानं लिहायला-वाचायला शिकणं हा तेव्हा गुन्हा होता आणि तो केल्याबद्दल त्यांच्या हाताची दोन बोटं छाटली होती. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्यानं संपली, पण पर्सीच्या लहानपणीही दक्षिणेत गोऱ्यांचे जमाव कृष्णवर्णीयांना झाडाला टांगून मारत. लहान असताना रानातून जाताना त्यानं असं एक प्रेत स्वतः पाहिलं होतं.

वडिलांना गणिताचं वेड होतं. मुलगा ८० मार्कांचा पेपर हुशारीत घरी घेऊन आला तर शाबासकी नाही, उरलेले २० कुठं गेले याचीच चौकशी! (हे वाचून आपल्यापैकी बऱ्याच जणांना आपापले वडील आठवतील.) पण शिकायचं कुठं? माँटगोमेरीत कृष्णवर्णीय मुलांना सरकारी शाळा आठवीपर्यंतच. पुढं शिक्षक तयार करणारी एक संस्था होती, तिथं तो शिकला आणि १९१६ मध्ये उत्तरेकडे, इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल गावी डीपॉ विद्यापीठात दाखल झाला. स्टेशनवर निरोप द्यायला सगळं घर आलं होतं. गाडी सुटताना आजोबांनी हलवलेला तो तीन बोटांचा हात ते पुढं आयुष्यभर सांगत असत.

आता हॉस्टेलवाल्यांनी जरा लक्ष द्या. डीपॉत प्रवेश मिळाला, पण कॉलेजच्या वसतिगृहात कृष्णवर्णीय मुलाला जागा नाही. गावात खोली मिळाली तर तिथं जेवण नाही. वाढायला तयार असलेली खाणावळ शोधत पहिले दिवस उपाशीपोटी काढावे लागले. मग श्रीमंत गोऱ्या मुलांच्या एका क्लबच्या निवासात काम मिळालं. थंडीत तळघरातली भट्टी पेटती ठेवायची, जेवणाच्या वेळी मुलांना वाढायचं आणि रात्री पोटमाळ्यावर झोपायचं. अभ्यासाचा पाया कच्चा असल्यानं दिवसा कॉलेज आणि जोडीला शाळेचे राहिलेले विषय असं दुहेरी ओझं दोन वर्षं होतं. १९२० मध्ये हाच मुलगा वर्गात पहिला आला. आपल्याकडे बॅकलॉग आणि रेग्युलर एकत्र निघत नाहीत म्हणून जी कुरकुर चालते ती मला ही माहिती वाचल्यापासून थोडी ऐकवत नाही.

पहिल्या आलेल्याला मोठ्या विद्यापीठाची फेलोशिप मिळणार हे ठरलेलंच असे. वर्गातल्या इतरांना पत्रं आली, याला आलं नाही. त्याचे रसायनाचे प्राध्यापक विल्यम ब्लँचर्ड यांनी ठिकठिकाणी लिहून पाहिलं. उत्तरांचा सूर सगळीकडे एकच होता. मुलगा हुशार आहे, पण पीएच.डी. करून याला नोकरी कोण देणार? दक्षिणेतल्या एखाद्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शिकवू दे, त्याला पीएच.डी. लागत नाही. ज्युलियन तसे दोन वर्षं फिस्क विद्यापीठात शिकवायला गेले. मग फेलोशिपवर हार्वर्डला जाऊन १९२३ मध्ये मास्टर्स केलं. पुढं पीएच.डी. साठी हार्वर्डला शिकवण्याची नोकरी लागते, ती नाकारली गेली. दक्षिणेकडचे गोरे विद्यार्थी कृष्णवर्णीय शिक्षकाकडून शिकणार नाहीत, असं कारण. मग वेस्ट व्हर्जिनिया स्टेट कॉलेज, तिथून वॉशिंग्टनचं हॉवर्ड विद्यापीठ. वय तीस, आणि अजून डॉक्टरेट नाही.

१९२९ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते व्हिएन्नाला गेले. तिथं अर्न्स्ट श्पेथ नावाचे गुरू मिळाले. वनस्पतींतली अल्कलॉइड्स हा श्पेथ यांचा हातखंडा विषय. अल्कलॉइड म्हणजे वनस्पती तयार करते ती नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि बऱ्याचदा विषारी द्रव्यं. मॉर्फीन, क्विनीन, निकोटीन ही सगळी त्याच घराण्यातली. व्हिएन्नात ज्युलियन यांना आयुष्यात पहिल्यांदा माणसासारखं जगायला मिळालं. ऑपेरा, डॅन्यूबमधलं पोहणं, मित्रांच्या घरी जेवण, कुणी कातडी बघून दार लावत नव्हतं. योझेफ पिक्ल हा सहकारी मित्र तिथलाच. १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि ते पिक्लना बरोबर घेऊन हॉवर्डला परतले.

आणि इथं चरित्रकार सहसा घाईघाईनं पुढं सरकतात, ती गोष्ट येते. ज्युलियन यांचे एका सहकाऱ्याच्या पत्नीशी, ॲना यांच्याशी संबंध जुळले होते. त्यातून भांडण पेटलं, व्हिएन्नाहून त्यांनी मित्राला लिहिलेली खासगी आणि काहीशी बढाईखोर पत्रं वर्तमानपत्रात छापली गेली आणि १९३२ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यांची बाजू पूर्ण स्वच्छ होती असं मला वाटत नाही. १९३५ मध्ये त्यांनी ॲना यांच्याशी लग्न केलं आणि तो संसार शेवटपर्यंत टिकला. ॲना स्वतः समाजशास्त्राच्या डॉक्टर झाल्या, हेही सांगायला हवं. पण १९३२ मध्ये ऐन मंदीत, बेअब्रू होऊन, नोकरी गमावलेला हा माणूस संपल्यातच जमा होता.

तेव्हा ब्लँचर्ड सरांनीच पुन्हा हात दिला. डीपॉत या, संशोधन करा. पद फक्त रिसर्च फेलोचं, पगार बेताचा, पुढं त्यासाठी रोझेनवाल्ड निधीची मदत लागली. पिक्लही आले. डीपॉ म्हणजे पदवीचं कॉलेज. संशोधनाला हाताशी कोण, तर शेवटच्या वर्षाची मुलं. थोडक्यात आपल्या बी.ई. प्रोजेक्टसारखाच प्रकार, फक्त तिथं प्रोजेक्ट दुकानातून विकत मिळत नव्हते.

विषय निवडला फायसोस्टिग्मिन. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, कॅलाबार नावाचा भाग आहे. तिथल्या एका वेलीचं बी जहरी असतं. जुन्या काळी आरोपीला ते बी खायला घालून न्याय करत. ओकून वाचला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. या बियातलं जहर म्हणजे फायसोस्टिग्मिन. १८६४ मध्ये ते वेगळं काढलं गेलं आणि १८७७ मध्ये लुडविग लाक्वेर या डॉक्टरांनी ते काचबिंदूवर वापरलं, त्यांना स्वतःलाच तो आजार होता. काचबिंदूत डोळ्यातल्या द्रवाचा निचरा नीट होत नाही, आतला दाब वाढतो आणि नजर हळूहळू कायमची जाते. फायसोस्टिग्मिनच्या थेंबांनी बाहुली आकसते, निचऱ्याची वाट मोकळी होते आणि दाब उतरतो. शरीरात असेटिलकोलीन हे निरोप्याचं काम करणारं द्रव्य आहे. काम झालं की एक एन्झाइम त्याला तोडून टाकतं. हे औषध त्या एन्झाइमलाच अडवतं. पुढं निओस्टिग्मिन आणि स्मृतिभ्रंशावरचं रिवास्टिग्मिन ही औषधं याच रेणूच्या सांगाड्यावरून सुचली. कार्बामेट वर्गातली कीटकनाशकंसुद्धा त्याच कुळातली. या रेणूच्या संश्लेषणात शेवटच्या पायरीला लागतं ते मिथाइल आयसोसायनेट. हो, १९८४ मध्ये भोपाळला हजारोंचा जीव घेणारा वायू तोच, आणि तिथंही तो कार्बामेट कीटकनाशकासाठीच साठवलेला होता.

१९२५ मध्ये फायसोस्टिग्मिनची रचना कळली होती. पण रचना कळणं वेगळं आणि साध्या रसायनांपासून रेणू बांधणं वेगळं. एक बेंझिनचं कडं, त्याला चिकटलेली नायट्रोजन असलेली दोन पाच बाजूंची कडी, असा गुंता. एसरेथोल नावाच्या संयुगापासून पुढं फायसोस्टिग्मिनपर्यंतची वाट आधीच सापडलेली होती. म्हणजे जो एसरेथोल बनवेल त्यानं किल्ला जिंकला. या शर्यतीत रॉबिन्सन यांचा ऑक्सफर्डचा गट कितीतरी पुढं होता. एकामागून एक लेख येत होते, आणि एक दिवस तो लेख आला, एसरेथोल तयार झाल्याचा.

डीपॉतल्या दोघांचे हातपायच गळाले असतील. वर्ष-दोन वर्षांचं काम पाण्यात. पण लेख वाचताना ज्युलियन यांच्या लक्षात आलं की रॉबिन्सन यांच्या एसरेथोलचे गुणधर्म आपल्या एसरेथोलशी जुळत नाहीत. नाव एक, पदार्थ दोन. दोघांपैकी एक चूक आहे. आता विचार करा, एका बाजूला ऑक्सफर्ड, दुसऱ्या बाजूला भट्टीवाला पोरगा म्हणून ज्याला गाव ओळखतं तो माणूस. ज्युलियन यांनी वाट पाहिली नाही. आपलं एसरेथोल खरं आणि रॉबिन्सन यांचं नाही, असं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी सरळ लिहून टाकलं. हे चुकलं असतं तर पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत त्यांना कुणी उभं केलं नसतं.

निकाल लागला तो आपण दुसऱ्या वर्षाला करतो त्याच प्रयोगानं, मेल्टिंग पॉइंटनं. कॅपिलरीत चिमूटभर भुकटी, थर्मामीटरला बांधायची, हळूहळू तापवायची. मी हे प्रॅक्टिकल जर्नल भरण्यापुरतं केलं होतं, रीडिंग आलं की बर्नर बंद. त्यात निवाडा करण्याची ताकद आहे हे मला ज्युलियन यांच्यामुळं कळलं. शुद्ध पदार्थ ठरावीक तापमानालाच वितळतो. नैसर्गिक आणि कृत्रिम नमुना एकत्र मिसळून तापवला आणि तरीही वितळण्याचं तापमान खाली घसरलं नाही, तर दोन्ही एकच. ज्युलियन यांनी बनवलेला पदार्थ बियातून काढलेल्या पदार्थाशी तंतोतंत जुळला. १९३५ मध्ये फायसोस्टिग्मिनचं संपूर्ण संश्लेषण डीपॉच्या नावावर लागलं. लेखांवर पिक्ल यांच्याबरोबर विद्यार्थ्यांचीही नावं आली.

आता तरी प्राध्यापकपद? ब्लँचर्ड यांची इच्छा होती. विश्वस्तांनी नकार दिला. इंडियानातल्या गोऱ्या पालकांच्या मुलांना शिकवायला कृष्णवर्णीय प्राध्यापक नेमण्याची त्यांची तयारी नव्हती. मला या सगळ्या चरित्रात सर्वांत जास्त राग येतो तो इथं. जमावाच्या दगडाला निदान चेहरा असतो. इथं सगळे सुशिक्षित, सगळे सौजन्यानं बोलणारे, आणि ज्यांच्या संस्थेचं नाव या माणसानं जगात नेलं तेच त्याला खुर्ची देत नाहीत.

उद्योगांतही तेच. ड्यू पाँट कंपनीनं दोघांना बोलावलं, नोकरी पिक्लना दिली, ज्युलियन कृष्णवर्णीय आहेत हे दिसल्यावर त्यांना नाही. पिक्ल मैत्रीखातर नको म्हणत होते, ज्युलियन यांनीच त्यांना जायला लावलं. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावातली कागद रसायनाची संस्था त्यांना घ्यायला तयार होती, तर गावचा नियम आडवा आला, कृष्णवर्णीयानं रात्री तिथं मुक्काम करायचा नाही. ही चर्चा चालू असताना हजर असलेल्या ग्लिडन कंपनीच्या उपाध्यक्षांनी ही संधी साधली आणि १९३६ मध्ये ज्युलियन शिकागोला ग्लिडनच्या सोयाबीन विभागाचे संशोधन संचालक झाले. विद्यापीठांनी ज्याला घेतलं नाही तो पेंट बनवणाऱ्या कंपनीच्या पदरात पडला.

सोयाबीन म्हटलं की आपल्याला मेसच्या वड्या आठवतात, लातूरकडच्या मुलांना घरचं शेत आणि पडलेला भाव आठवतो. ज्युलियन यांनी सोयाबीनमधून काय काय काढलं ते ऐका. सोयाचं प्रथिन शुद्ध करण्याचा मोठा प्लँट उभा केला, ते कागदावर लेप द्यायला वापरलं गेलं. याच प्रथिनापासून तेलाची आग विझवणारा फेस बनला, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलानं तो जहाजांवर वापरला. पण खरी गंमत तेलात होती.

डीपॉत असताना कॅलाबार बियांचं तेल ठेवून दिलं तेव्हा त्यात पांढरे स्फटिक जमलेले त्यांनी पाहिले होते. ते स्टिग्मास्टेरॉल. १९४० मध्ये ग्लिडनमधून फोन आला की सोया तेलाच्या एक लाख गॅलनच्या टाकीत पाणी शिरलंय आणि तळाशी पांढरा गाळ बसलाय. दुसऱ्या कुणी टाकी साफ करायला सांगितली असती. ज्युलियन यांनी गाळ ओळखला. आणि स्टिग्मास्टेरॉल म्हणजे काय, तर प्रोजेस्टेरॉन या स्त्री संप्रेरकाचा कच्चा माल. १९३४ मध्ये जर्मनीत बुटेनांट यांनी ५०,००० डुकरिणींच्या अंडाशयांतून जेमतेम २० मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन मिळवलं होतं. त्याच साली बुटेनांट आणि फर्नहोल्झ यांनी स्टिग्मास्टेरॉलपासून ते करता येतं हेही दाखवलं. स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत एक दुहेरी बंध असतो, ओझोननं तो नेमका तिथंच कापता येतो. सोयातल्या दुसऱ्या स्टेरॉलला, सिटोस्टेरॉलला, हा बंध नाही, म्हणून ते तेव्हा या कामाला निरुपयोगी.

म्हणजे विक्रिया माहीत होती, माल मिळत नव्हता. तेलात स्टेरॉल असतं काही दशांश टक्के, तेही चिकट तेलात गुरफटलेलं. ज्युलियन यांनी त्याचा सच्छिद्र, फेसासारखा गोळा करून त्यातून सॉल्व्हंट फिरवण्याची युक्ती काढली. मास ट्रान्सफरच्या तासाला झोपणाऱ्यांनी नोंद घ्यावी, पृष्ठभाग वाढवला की काढणी वाढते एवढंच तत्त्व आहे. लवकरच प्रोजेस्टेरॉन पौंडांनी तयार होऊ लागलं. गर्भपाताचा धोका असलेल्या स्त्रियांना डॉक्टर ते देत.

१९४९ मध्ये मेयो क्लिनिकमधून बातमी आली की कॉर्टिसोन दिल्यावर संधिवातानं जखडलेले रुग्ण चालायला लागले. पण ते बैलाच्या पित्तापासून तीसेक पायऱ्यांनी बनत होतं, किंमत आवाक्याबाहेर. ज्युलियन यांनी सोयापासून सब्स्टन्स एस हे कॉर्टिसोनच्या अगदी जवळचं संयुग बनवण्याचा मार्ग त्याच वर्षी दाखवला. इथं एक दुरुस्ती करतो. कॉर्टिसोनचा शोध ज्युलियन यांनी लावला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते खरं नाही. सब्स्टन्स एस आणि हायड्रोकॉर्टिसोन यांच्यात ११ व्या कार्बनवरच्या एका ऑक्सिजनचा फरक आहे, आणि तो बसवणं हेच सर्वांत अवघड. ते काम पुढं बुरशीकडून करून घेतलं गेलं. १९५२ मध्ये अपजॉनच्या पीटरसन आणि मरे यांनी बुरशी प्रोजेस्टेरॉनवर ११ व्या जागी ऑक्सिजन बसवते हे दाखवलं, नंतर सब्स्टन्स एस वरही बुरशीचाच प्रयोग चालला. स्टेरॉइड औषधं सामान्य माणसाला परवडू लागली ती अशा अनेकांच्या हातांनी. त्यात ज्युलियन यांचा वाटा मोठा आहे, तो फुगवायची गरज नाही.

१९५० मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्राच्या वाचकांनी त्यांना वर्षाचे मानकरी निवडलं. त्याच वर्षी त्यांनी ओक पार्क या गोऱ्यांच्या उपनगरात घर घेतलं. राहायला जाण्याआधीच थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कुणीतरी घर पेटवण्याचा प्रयत्न केला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकलं, तेव्हा त्यांची दोन्ही मुलं घरात होती. कुटुंब हललं नाही. ज्युलियन रात्री अंगणात बंदूक घेऊन बसत आणि मुलगा सोबतीला. शेजारपाजारचे काही लोक उघडपणे त्यांच्या बाजूनं उभे राहिले. तो मुलगा पुढं नागरी हक्कांचा वकील झाला.

१९५३ मध्ये त्यांनी ग्लिडन सोडली आणि स्वतःची ज्युलियन लॅबोरेटरीज काढली. मेक्सिकोतल्या रानकंदापासून स्टेरॉइड बनवण्याच्या धंद्यात त्यांना बरीच अडवणूक सोसावी लागली, त्याबद्दल १९५६ मध्ये त्यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढं साक्षही दिली. इतरांनी दारं बंद केलेल्या अनेक कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञांना त्यांच्याकडे काम मिळालं. १९६१ मध्ये त्यांनी कंपनी २३ लाख डॉलर्सना विकली आणि काही वर्षांनी स्वतःची संशोधन संस्था काढली. शंभराहून अधिक पेटंटं नावावर जमली होती. १९७३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीत निवड झाली, तिथं पोचलेले ते दुसरे कृष्णवर्णीय आणि पहिले कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ. १९ एप्रिल १९७५ रोजी यकृताच्या कर्करोगानं त्यांचं निधन झालं.

डीपॉनं १९८० मध्ये आपल्या विज्ञान-गणित इमारतीला त्यांचं नाव दिलं. १९९९ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीनं फायसोस्टिग्मिनच्या संश्लेषणाला ऐतिहासिक टप्प्याचा मान दिला. त्यांच्या पाठोपाठ सगळी धाकटी भावंडंही शिकली, दोघे भाऊ डॉक्टर झाले. २००७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर त्यांच्यावर दोन तासांचा माहितीपट आला, फरगॉटन जीनियस नावाचा. मिळाला तर कॉमन रूमच्या टीव्हीवर लावा, मॅच नसेल त्या दिवशी.